दोन जिवांचा खुराक

मार्गशीर्षात बावड्याकडून वारा सुटला की उकळत्या उसाच्या रसाचा वास आमच्या मंगळवार पेठेपर्यंत येतो. लोक थांबून श्वास भरून घेतात, म्हणतात काय गोड वास आहे. म्हणू देत. माझं डोकं तडकतं. वीस-बावीस वर्षं होऊन गेली, पण गुऱ्हाळं पेटली की माझ्या घशाशी काकवी येते आणि कानात एकच वाक्य सुरू होतं. "खा की गं, दोन जिवांची हाईस तू."

यंदा ते वाक्य पुन्हा घरात शिरलंय. माझी लेक नंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. बांधा माझाच, म्हणजे दुकानदार साडी दाखवताना आधी लांबी बघतो असा. काल शेजारच्या काकू डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. नंदाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "बाई बाई, केवढी झालीस" म्हणाल्या, आणि त्याच श्वासात डबा पुढं केला, "घे, खा, दोन जिवांची हाईस." आधी जाड म्हणायचं आणि मग खायला घालायचं. ह्या दोन गोष्टी एका तोंडातून कशा निघतात ते मला अजून कळलेलं नाही. मी डबा ठेवून घेतला, काकूंना चहा दिला, आणि त्या गेल्यावर भांडी अशी आपटली की माडीवर झोपलेले मामंजी खोकले.

त्या हिवाळ्यात मी अशी भांडी आपटू शकत नव्हते. नवी सून होते.

गडहिंग्लजहून लग्न होऊन आले तेव्हाच मी अंगानं भरलेली होते. आमच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, भाषेत 'गुटगुटीत'. हा शब्द बाळाला शोभतो, बावीस वर्षांच्या मुलीला नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सासरी मात्र माझा बांधा पसंत पडला होता. कारण माझे सासरे, मामंजी, पेठेतल्या तालमीचे वस्ताद. स्वतः लढायचं सोडून बराच काळ लोटला होता, पण पहाटे तालमीत जाऊन पोरांकडून जोर-बैठका काढून घेणं सुटलं नव्हतं. बघायच्या कार्यक्रमात त्यांनी मला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, काही विचारलं नाही. माझ्याकडं बघून ह्यांच्या कानात म्हणाले, "हाडापेरानं मजबूत हाय." हे वाक्य ह्यांनी मला लग्नानंतर कौतुकानं सांगितलं. मी कौतुकानं ऐकून घेतलं, आणखी काय करणार?

दिवस राहिले ते आषाढीच्या सुमारास. दिवाळी झाल्यावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी मला काट्यावर उभं केलं. काय आकडा आला तो मी आजही सांगणार नाही. त्या म्हणाल्या, "वजन तुझं आधीच जास्त आहे, हे तुला सांगायला मी नको. पण आता ते उतरवायच्या भानगडीत पडू नकोस. पोटात बाळ वाढणार, पाणी वाढणार, वार वाढणार, अंगातलं रक्तसुद्धा वाढतं. तेवढं वजन वाढलंच पाहिजे. त्याच्यावर मात्र नको. बेतानं. बाळाला लागणारा साठा तुझ्या अंगावर आहेच. भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक, अंडं खा. रोज चाल. तूप-गुळाचं चढवत बसलीस तर रक्तदाब चढेल आणि दोघांनाही जड जाईल." आणि दर पंधरवड्याला वजन करून सांगायला सांगितलं.

आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या. सगळं ऐकत होत्या, मान डोलवत होत्या. घरी आलो तेव्हा मामंजी सोप्यात बसले होते.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"वजन वाढलंच पायजे म्हणाल्या," आत्याबाईंनी सांगितलं आणि पाय धुवायला न्हाणीत गेल्या.

बस. एवढंच. 'बेतानं' हा शब्द दवाखान्याच्या पायरीवरच राहिला. मी तोंड उघडलं होतं, पण तोवर मामंजी उठून उभे राहिले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी एरवी फक्त कुस्तीच्या मैदानाच्या आदल्या दिवशी दिसणारा उजेड बघितला. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती, लढणारी आणि बाकीची. लढणाऱ्याला खुराक लागतो. सून आता लढणाऱ्यांत आली होती, आणि दोन जिवांची म्हटल्यावर खुराकही दोघांचा.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सकाळी बदाम, खसखस आणि खारीक घोटून केलेली थंडाई, तालमीतल्या पोरांसाठी करायचे तशीच, फक्त पेला मोठा. दुपारच्या भाकरीवर लोण्याचा गोळा. संध्याकाळी मामंजी मला आणि आत्याबाईंना घेऊन गंगावेशीत जायचे. तिथं रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून देतात. पैलवान पेला रिकामा करून मिशा पुसत असायचे आणि त्यांच्या रांगेत मी, पदर सावरत, कोमट फेसाळ दूध तोंडाशी धरून. म्हशीच्या वासानं मी तोंड फिरवायचे. मामंजी म्हणायचे, "श्वास धर आणि उतरीव. फेसात ताकद असती." फेस माझ्या ओठाला लागायचा आणि एखादा पैलवान आदरानं नजर दुसरीकडं वळवायचा.

त्यात गुऱ्हाळाचा हंगाम. बावड्याला मामंजींच्या भावाचं शेत होतं, तिथून दर दोन-चार दिवसांनी कोणी ना कोणी यायचं. कधी काकवीची कळशी, कधी काहिलीतून काढलेला कोमट गूळ पळसाच्या पानावर, कधी नुसतेच ऊस, पेरं करून. आलेला पावणा समोर बसून मी खाते का ते बघायचा, आणि मी खाल्लं की "आत्ता कसं" म्हणून समाधानानं घरी जायचा. माझी अव्वाही मागं नव्हती. गडहिंग्लजच्या एसटीनं कंडक्टरच्या हाती डबे यायचे. एकदा मामंजी स्टँडवरून डबा आणताना वाटेत तीन जणांना उघडून दाखवून आले, तुपानं हात माखून.

ह्यांच्याकडं तक्रार केली तर हे वर्तमानपत्र खाली न घेता म्हणायचे, "आईला दुखवू नकोस." असं म्हणायला ह्यांना काही खावं लागत नव्हतं.

वजन करायची गोष्ट तर मी मेल्यावरही विसरणार नाही. दर पंधरवड्याला दवाखान्यात रांगेत बसायचं कशाला, म्हणून मामंजींनी सोय केली. त्यांच्या एका दोस्ताची शाहूपुरीत गुळाची अडत होती. गुळाच्या ढेपेला आमच्याकडं रवा म्हणतात, आणि हंगामात तिथं रव्यांच्या भिंती उभ्या असायच्या. त्या भिंतींच्या मधोमध काटा. त्या काट्यावर मी. तोलणाऱ्याला दिवसभर आकडा ओरडून सांगायची सवय, त्यानं माझाही ओरडून सांगितला, हमाल वळून बघायला लागले. मग त्यानं माझ्या नऊवारीकडं पाहून अगदी सरळ मनानं मामंजींना विचारलं, "वस्ताद, बारदान वजा करायचं का?"

बारदान म्हणजे माल ज्यात भरतात त्या रिकाम्या पोत्याचं वजन. ते वजा केलं की खरा माल किती ते कळतं.

मामंजींनी साडीचा अंदाज करून वजा करायला सांगितलं. मला तिथंच गुळात गाडून घ्यावंसं वाटलं. परतताना मात्र मामंजी खुशीत होते. "चढतंय, सूनबाई. चांगलं चढतंय." मी मनात म्हटलं, माल तेवढाच आहे मामंजी, तुम्ही सगळे मिळून बारदान वाढवताय. पण हे मनात. तोंडानं मी त्या वेळी "हूं" म्हणत असे.

दुसरी बाजू ह्याहून वाईट होती. ती होती माझी नणंद, शेजारच्याच गल्लीत दिलेली. ती यायची, मला बघून गालावर हात ठेवायची. "वहिनी, लेकरू कुठाय आणि बाकीचं काय हाय, कायच कळंना. संकष्टी धर, सोमवार धर, शनिवार धर. उतरल जरा." तिचं सगळं ऐकलं असतं तर खायला एखादाच वार उरला असता. पण मलाही कंटाळा आला होता स्वतःच्या अंगाचा आणि त्याच्यावर चालणाऱ्या चर्चेचा. मी उपास धरले. नुसत्या चहावर राहिले. तिसऱ्या उपासाला माडीच्या जिन्यावर डोळ्यांपुढं अंधार आला आणि मी कठडा धरून खाली बसले.

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी चष्मा काढला. "उपास करून बाळ वाढत नाही. ते उरलंसुरलं खात नाही, त्याला रोजचं ताजं लागतं. तुला कमी खा म्हणून मी कधी म्हटलं? नीट खा म्हटलं." मग त्यांनी माझ्या पायाच्या घोट्यावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. रक्तदाब चढला होता. "आणखी चढला तर तुला इथं खाटेवर आणून टाकावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि मग बाळाला आत किती राहू देता येईल, ते मी सांगू शकत नाही. माहेरी तर अजिबात जायचं नाही."

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी लाडू पुढं केला आणि माझा तोल सुटला. मी म्हटलं, "आत्याबाई, मारायचंय का मला?"

आत्याबाई लाडू हातात घेऊनच खाली बसल्या. चुलीकडं बघत म्हणाल्या, "माझ्या येळंला सगळ्यांची जेवणं झाली की टोपात उरंल ते खाल्लं मी. कवा भाकरी उरायची, कवा न्हाय. तीन गेली माझी. दोन तर रडली बी न्हाईत. मी तवाच ठरीवलं, घरात सून आली तर तिला उपाशी ठेवायचं न्हाय." मग म्हणाल्या, "जास्त झाल्यानं कुणाचं लेकरू जातं, हे मला कुणी सांगितलंच न्हाई गं."

सांगितलं होतं की. शेजारी बसून ऐकलं होतं त्यांनी. पण मी तो लाडू घेतला आणि खाल्ला. रागाला जायला जागा उरली नाही की तो फार त्रास देतो. दुष्ट सासू असती तर माझं सोपं होतं. ही बाई स्वतःची जुनी भूक मला भरवत होती आणि त्या भुकेला तळ नव्हता.

पुढचं झालं ते असं. तालमीतल्या मामंजींच्या एका लाडक्या पठ्ठ्याची खासबागेच्या मैदानात कुस्ती होती. तीन महिने मामंजी त्याच्यामागं होते, पण त्याच्या घरच्यांनी कौतुकानं त्याला इतकं चारलं होतं की कुस्ती जरा लांबली तसा तो तोंड उघडून श्वास घ्यायला लागला आणि समोरच्या काटकुळ्या पोरानं त्याला चितपट केलं. मामंजी घरी आले तेच आगपाखड करत. वहाणा एकीकडं, फेटा एकीकडं.

"नुस्तं लोणी चढीवलंय अंगावर. दम कुठाय? वजन म्हंजे ताकद न्हवं, किती येळा सांगितलं त्याच्या आईला. दम तुटला की पैलवान मेला."

मी सोप्याच्या दारात उभी होते. हातात माझंच ताट होतं, आत्याबाईंनी वाढलेलं, भाकरीवर लोण्याचा गोळा, बाजूला काकवीची वाटी. मी ते ताट नेऊन मामंजींच्या पुढ्यात ठेवलं.

"मग मला कशाला लोणी चढवताय, मामंजी? माझीबी कुस्ती हायच की. मला जिना चढताना दम लागतोय."

ह्यांचं वर्तमानपत्र पहिल्यांदाच खाली आलं. सून सासऱ्याशी असं बोलल्याचं आमच्या गल्लीत कोणी ऐकलं नसेल. मामंजी ताटाकडं बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या पायांवर गेली, सुजलेल्या, जोडव्यांच्या कडा बोटांत रुतलेल्या. ते उठले आणि माडीवर निघून गेले. मला वाटलं, संपलं, आता उद्या माझ्या वडिलांना, अप्पांना, तार जाणार.

पहाटे जिन्यावरून हाक आली. "सूनबाई, वहाणा घाल."

त्या दिवशी आम्ही नुसते तालमीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. मग एका गल्लीनं वाढवत. मामंजींनी डॉक्टरीणबाईंना स्वतः जाऊन भेटून काय खायचं, काय नाही ते सगळं विचारून घेतलं, आणि ह्या वेळी पूर्ण वाक्य घरी आलं. थंडाई बंद. गंगावेस बंद. बावड्याचा पावणा काकवी घेऊन आला की मामंजी ती तालमीकडं पाठवायचे. आत्याबाई ताटात माठाची भाजी, आमटी, ताक वाढायला लागल्या, पण पंधरा दिवसांतून एकदा तरी भाकरीच्या घडीत लपवलेला लोण्याचा खडा सापडायचाच. मी तो खायचे. भांडण किती करणार?

चालताना मामंजी पुढं, मी मागं. सासरा-सून शेजारी चालत नाहीत. त्यांच्या वहाणा करकर वाजायच्या आणि मी त्या आवाजामागं जायचे. मला धाप लागली की नेमके तेव्हाच ते थांबायचे. "ह्या वहाणंचा अंगठा सारखा निसटतोय बघ," म्हणून खाली वाकायचे, अंगठ्याशी खटपट करत बसायचे. माझा श्वास जाग्यावर आला की उठायचे. रोज तेच. असल्या वहाणा घालून हिंडतात आणि नव्या घेत नाहीत, म्हणून त्याच्यावरही मी मनात चिडायचे. शेवटी एक दिवस ते झोपलेले असताना त्या चांभाराकडं द्याव्यात म्हणून मी उचलल्या. उलटसुलट करून बघितल्या. अंगठा घट्ट होता, शिवण शाबूत होती. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. मी त्या होत्या तशा दारात ठेवल्या आणि कोणाला काही सांगितलं नाही.

वजन वाढलं. बेतानं. सूज उतरली नाही पूर्ण, पण वाढली नाही. चैत्रात, पाडव्यानंतर, बाळंत झाले. दिवस भरले होते. मुलगी झाली, हीच नंदा, फार मोठी नाही, फार लहान नाही, आणि आल्या आल्या इतक्या जोरात रडली की बाहेर बाकावर बसलेल्या आत्याबाईंनी ऐकलं. त्या उठल्या नाहीत. पदर तोंडाला लावून तिथंच बसून राहिल्या. मामंजींनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "सूनंचा दम?" त्या म्हणाल्या, "चांगला आहे, वस्ताद." मुलगा का नाही झाला हे त्या दिवशी आमच्या घरात कोणाच्याच तोंडून निघालं नाही, हे मी आवर्जून लिहून ठेवते.

आत्याबाई जाऊन आता काही वर्षं झाली. त्या असत्या तर नंदाच्या भाकरीत काय सापडलं असतं ते मला माहीत आहे. काळ बदलला म्हणतात. काय बदललं? दवाखान्याचा काटा नवा आलाय, आणि नंदाला तिथल्या डॉक्टरांनी अक्षरशः तेच सांगितलंय, थोडं वाढू दे, उपास नको, चालत जा. आणि गल्ली अक्षरशः तेच बोलतेय. एक बाई लाडू घेऊन येते, दुसरी गालावर हात ठेवते. बाईचं पोट दिसायला लागलं की ते सार्वजनिक होतं, कोणीही यावं आणि बोलावं. मी दारातच उत्तरं देते आता. नवी सून नाही मी. काकूंचा डबा मात्र मी फेकला नाही. नंदासाठी त्यातले दोन ठेवले, बाकीचे तालमीत पाठवले.

मामंजींनी ऐंशी ओलांडली. फारसं ऐकू येत नाही, गुडघे धरतात, तालीम सुटली. काल भांडी आपटल्यावर खोकले तेव्हा मला वाटलं परत झोपले असतील. पण आज पहाटे मी चूल पेटवत होते आणि जिन्यावरून हाक आली, घोगरी, अर्धी श्वासातच अडकलेली.

"नंदे, वहाणा घाल."

मी पुढं झाले. म्हटलं, "मामंजी, थंडी आहे, तुम्हाला नाही झेपायचं." त्यांना ऐकू आलं नाही, की त्यांनी ऐकलं नाही, कोण जाणे. काठी घेतली आणि निघाले. नंदा शाल लपेटून त्यांच्या मागं. आजोबा-नातीला शेजारी चालायला कोणाची हरकत नाही, तरी ती मागंच चालत होती. मी दारात उभी राहिले, हातात फुंकणी तशीच. बावड्याचा वास येत होता.

तालमीच्या कोपऱ्याच्या बरंच अलीकडं मामंजींचे खांदे वरखाली व्हायला लागलेले मला इथून दिसले. ते थांबणार नव्हते, मी ओळखते त्यांना. तेवढ्यात नंदा थांबली. भिंतीला हात टेकला, पाय जरा उचलला.

"आबा, थांबा की," ती मोठ्यानं म्हणाली. "चपलेचा अंगठा निसटतोय माझ्या."

मामंजी थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. नंदाला वाकता येत नव्हतं, ती नुसतीच पाय पुढं-मागं करत राहिली, घाई न करता.

ती चप्पल दिवाळीत मीच घेतली होती. तिला काहीही झालेलं नव्हतं.